देशोदेशी फिरलेला कादंबरीकार : विलास सारंग

(विहाराच्या वर्धापन दिनी अलोरे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी आम्हाला बोलायला उभे केले जाते, आणि दरवर्षी आम्ही चळवळीवर बोलतो. महाडचे तळे, काळाराम, पुणे करार, धम्मदीक्षा. हे सगळे आता तुमच्या पोरांना आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. म्हणून यंदा सेक्रेटरी म्हणाले, साहित्यावर काहीतरी बोला. आम्ही विलास सारंग हे नाव सांगितले. ते म्हणाले, "हे कोण? आपले आहेत का?" आम्ही म्हणालो, "इंग्रजीचे प्राध्यापक होते, कथा-कादंबऱ्या लिहायचे, सगळे आयुष्य परदेशात जा-ये करण्यात गेले." ते गप्प झाले. मग म्हणाले, "बघा बाबा, लोक उठून जातील."

उठून जाणाऱ्यांनी खुशाल जावे, पण चहा झाल्याशिवाय जाऊ नये. आणि लाईट गेली तर कुणी जागा सोडू नये. कोयनेची वीज आपल्या उशाला तयार होते आणि लाईट आपलीच जाते, हे आपल्याला नवीन नाही. आम्ही अंधारातसुद्धा बोलत राहू.

"आपले आहेत का" या प्रश्नाला आम्ही शेवटी येऊ. आधी हा लेखक आमच्या हाती लागला कसा ते सांगतो, कारण त्यात आमच्या घरची एक गोष्ट आहे. आमचे थोरले बंधू समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांची परवानगी काल रात्रीच घेतली आहे. नाहीतर घरी गेल्यावर आमचे काही खरे नव्हते.

आम्ही गिरणीतला माणूस. शिक्षण दहावी, तेही गणितात अडखळत. वडील १९८२ च्या जानेवारीत संप झाला तेव्हा गावी आले ते परत गिरणीत गेलेच नाहीत. आम्ही १९८९ ला लालबागच्या एका गिरणीत बदली म्हणून लागलो, साचेखात्यात. गावकीच्या खोलीत चौदा माणसे, प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवर एक खुंटी. वाचायला जागा नव्हती, तर आम्ही रातपाळीच्या सुट्टीत वाचायचो. रद्दीवाल्याकडून किलोवर पुस्तके आणायचो. त्यामुळे आमचे वाचन म्हणजे रद्दीवाला देईल ते. पहिली पाने गेलेली एक रहस्यकथा आम्ही तीन वेळा वाचली, खून कुणाचा झाला ते अजून माहीत नाही.

थोरले बंधू तेव्हा कुवेतला होते. १९८७ ला गेले. आपल्या पंचक्रोशीतली, चिपळूण-खेडपासून दापोलीपर्यंतची किती माणसे त्या काळात आखातात गेली ते तुम्हाला सांगायला नको. घरटी नसेल, पण वाडीत दोन-तीन तरी होतीच. दादांची पत्रे मुंबईच्या खोलीवर यायची, आम्ही सुट्टीला गावी आलो की आईला वाचून दाखवायचो. आई शिकलेली नव्हती. पत्रात काय असायचे? "मी खुशाल आहे, तुम्ही खुशाल असा. इकडे पाऊसपाणी बरे आहे." बस. आता कुवेतला पाऊसपाणी! पण आईला काय ठाऊक? ती आनंदाने शेजारी सांगायची, दाद्याकडे पाऊस चांगला झालाय.

एका पत्रात आले, "इकडे पाऊस नाही." पुढच्या पत्रात पुन्हा, "अजून पाऊस नाही." आई म्हणाली, "आरं, तकडं दुष्काळ पडलाय काय? त्याला इकडं बोलव." आम्ही हसलो. पुष्कळ वर्षांनी कळले की पाऊस म्हणजे पगार होता. मालकाने पाच महिने पगार दिला नव्हता, पासपोर्ट त्याच्याच कपाटात, आणि पत्रे कोण उघडून वाचतो याचा भरवसा नाही. म्हणून दादांनी आपल्या मनाने ही खूण ठरवली होती, आणि ती खूण आम्हाला सांगायची कशी, तर तेही पत्रातच लिहावे लागले असते! तर अशी खुणेची पत्रे आम्ही आईला वाचून दाखवत होतो आणि अर्थ दोघांनाही कळत नव्हता.

मग २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतमध्ये फौजा घुसवल्या. पत्रे बंद. पेपरात रोज बातमी. कुवेतमधले आपले लोक बशींनी, ट्रकांनी इराकमधून, म्हणजे बसऱ्यावरून बगदाद, तिथून वाळवंट ओलांडून जॉर्डनच्या अम्मान शहरात, आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला, असे आणले गेले. एक लाख सत्तर हजारांच्या आसपास माणसे त्या दोन महिन्यांत आणली. आम्ही रातपाळी करून सकाळी सहारला जायचो आणि बाहेर उभे राहायचो. किती दिवस गेलो ते मोजले नाही. एके दिवशी दादा आले. हातात एक पिशवी. विचारले तर एवढेच म्हणाले, "भूक लागलीय." नंतर काहीच बोलले नाहीत. दोन वर्षे नाही, दहा वर्षे नाही. लग्न झाले, पोरे झाली, चिपळूणला कामाला लागले, पण कुवेत हा शब्द घरात कुणी काढायचा नाही.

तर असे असताना रद्दीवाल्याकडे आम्हाला एक पुस्तक मिळाले, 'एन्कीच्या राज्यात'. कादंबरी, १९८३ साली निघालेली. उलटून पाहिले तर बसरा शहराची गोष्ट. दादा ज्या वाटेने आले ते बसरा. ते आम्ही वजनावर न घेता पाच रुपये रोख देऊन घेतले. रद्दीवाल्याने विचारले, "यात काय आहे एवढं?" आम्ही म्हणालो, "घरचं आहे."

आता लेखकाबद्दल.

विलास सारंग यांचा जन्म १९४२ चा, कारवारचा. आडनाव सारंग. आपण कोकणातली माणसे, सारंग म्हणजे काय ते जाणतो. जहाजावरच्या खलाशांचा म्होरक्या. पुढे या माणसाने किती समुद्र ओलांडले ते पाहता आम्हाला या आडनावाचे हसू येते. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि कारवार म्हैसूर राज्यात गेले. नागपूरची धम्मदीक्षा झाली त्यानंतर अठराच दिवसांनी. म्हणजे चौदा वर्षांच्या पोराचे गाव जागेवरून न हलता दुसऱ्या राज्यात गेले. माणूस कुठे जात नाही, तरी सरहद्द त्याच्याकडे चालत येते. असे ज्याच्या वाट्याला लहानपणीच आले त्याला पुढे देश आणि परदेश यांतला फरक इतरांसारखा वाटला नसावा, असा आमचा अंदाज आहे.

मुंबईत शिक्षण झाले, इंग्रजीत डॉक्टरेट मिळवली. मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात जाऊन दुसरी डॉक्टरेट. तिथून सरळ घरी यावे की नाही? हे गेले इराकला, बसऱ्याच्या विद्यापीठात शिकवायला. सत्तरच्या दशकातली काही वर्षे तिथे काढली. मग मुंबई विद्यापीठ, तिथे इंग्रजी विभागाचे प्रमुख. पुढे कुवेतलाही शिकवले. आणि अखेरीस पुन्हा मुंबई. आपल्याकडे एकदा परदेशी गेलेला माणूस एक तर तिकडचा होतो, नाहीतर पैसे साठवून घर बांधायला परत येतो. हा माणूस तसा नव्हता. धोटा जसा साच्यावर या काठाहून त्या काठाला जातो आणि दर फेरीत एक धागा टाकतो, तसे याचे चालले होते. आमच्या धंद्यातलीच उपमा सुचते, त्याला इलाज नाही.

बसऱ्यातून 'एन्कीच्या राज्यात' आली. एन्की हे काय आहे? तर इराकच्या दक्षिणेकडे पाच हजार वर्षांपूर्वी सुमेर नावाचा मुलूख होता. मातीच्या विटांवर अक्षरे कोरणारे लोक. माणसाने लिहायला सुरुवात केली ती ज्या थोड्या ठिकाणी, त्यांतले हे एक. त्यांचा एन्की हा गोड्या पाण्याचा आणि शहाणपणाचा देव. आपल्या अलोऱ्यातल्या माणसाला पाण्याचा देव समजावून सांगायची गरज नाही. कोयनेचे पाणी सह्याद्री फोडून या बाजूला आणले, पोफळी, कोळकेवाडी, मग वाशिष्ठी. ज्या पाण्याने वीज केली त्या पाण्यावर कुणाच्या जमिनी गेल्या आणि कुणाच्या कॉलन्या उभ्या राहिल्या हे आपण बघितले आहे. देव कोणताही असो, पाण्यावर राज्य माणसाचेच असते.

कादंबरीतला नायक आपल्याकडचाच मराठी तरुण. अमेरिकेत शिकून बसऱ्याला शिकवायला जातो. तेव्हा इराकमध्ये एकाच पक्षाचे राज्य होते, बाथ पक्षाचे. १९६८ ला त्यांनी सत्ता घेतली. सद्दाम हुसेन तेव्हा दुसऱ्या नंबरला होता, १९७९ ला राष्ट्राध्यक्ष झाला. अशा मुलखात परका मास्तर. भाषा येत नाही, कुणाशी किती बोलावे कळत नाही, शेजारी बसलेला माणूस साधा माणूस आहे की आणखी कोणी आहे याची खात्री नाही. वाचताना वाटते की आता काहीतरी होणार, आणि पुष्कळदा काहीच होत नाही. आम्हाला सुरुवातीला हे पटेना. कादंबरी म्हटले की आमच्या डोक्यात 'फकिरा'. घोडा, तलवार, खजिना. इथे मास्तर खोलीत बसलाय. दोनदा पुस्तक खाली ठेवले.

तिसऱ्यांदा उचलले ते मे महिन्यात गावी असताना. पडवीत बसून वाचत होतो. दादा शेजारी सुपारी कातरत होते. काय वाचतोस म्हणाले. आम्ही म्हणालो, बसऱ्याचे आहे. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मोठ्यानं वाच." आम्ही मोठ्याने वाचू लागलो. असे चार दिवस. दुपारी जेवण झाल्यावर वाचायचे आणि दिवेलागणीला थांबायचे. चौथ्या दिवशी दादा मध्येच म्हणाले, "आमच्या कॅम्पात पण एक होता तसा. सगळं मालकाला सांगायचा. म्हणून मी पाऊस लिवायचो." तेव्हा, म्हणजे चौदा वर्षांनी, आम्हाला पावसाचा अर्थ कळला. आई तोवर गेलेली होती.

पुढे त्यांनी बसऱ्याचे सांगितले. बस थांबली, पाणी विकत घेतले, नदीकाठी खजुराची झाडे होती, एक म्हातारी बाई बशीच्या खिडकीतून पोरांना खजूर देत होती, पैसे घेतले नाहीत. एवढेच त्यांनी बसरा पाहिले. कादंबरीत त्या म्हातारीसारखे कुणी नाही. आम्ही दादांना विचारले, पुस्तक खोटे आहे का मग? ते म्हणाले, "न्हाय. तो तिथं राह्यला, मी तिथनं गेलो." एवढी चांगली समीक्षा आम्ही अजून कुणाची वाचलेली नाही. (टाळ्या नकोत, ते लाजतात.)

आता सारंगांच्या लिहिण्याची एक विशेष गोष्ट. हा माणूस दोन भाषांत लिहायचा. मराठी कथा स्वतःच इंग्रजीत न्यायचा, कधी इंग्रजीतली मराठीत आणायचा. १९७५ ला 'सोलेदाद' हा मराठी कथासंग्रह आला. सोलेदाद हा स्पॅनिश शब्द, अर्थ एकाकीपणा. बघा, मराठी पुस्तकाला स्पॅनिश नाव, लेखक तेव्हा इराकात. १९९० ला त्यांच्या कथांचे इंग्रजी पुस्तक पेंग्विनने काढले. 'एन्कीच्या राज्यात'सुद्धा पुढे इंग्रजीत गेली. याचा परिणाम असा झाला की मराठीवाले म्हणायचे, हा इंग्रजी वळणाचा. इंग्रजीवाले म्हणायचे, हा मराठीतला. दोन्ही घरचा पाहुणा. आपल्या चाकरमान्यांचे हेच आहे. मुंबईत आम्ही "गाववाले" आणि गावात "मुंबईवाले". गावकीत मत मांडायला उठलो की म्हणतात, तुम्ही चार दिवसांचे. आम्हाला याचा पूर्वी राग यायचा. आता वाटते, चार दिवसांच्या माणसालाही काही गोष्टी दिसतात ज्या बारा महिने राहणाऱ्याला दिसत नाहीत. आणि पुष्कळ दिसतही नाहीत, हेही कबूल.

त्यांच्या कथा मात्र आम्ही सरसकट सगळ्यांना वाचायला सांगणार नाही. काही फार किळसवाण्या आहेत, स्त्रियांच्या बाबतीत काही ठिकाणी लेखणी सुटलेली आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. एका कथेत विसर्जनाच्या दिवशी गणपतीच्या मूर्तीच बंड करतात. कोकणात ही कथा कुठे वाचावी आणि कुठे वाचू नये याचे तारतम्य ज्याने त्याने ठेवावे. आम्ही गिरणीच्या खोलीत वाचली, तर चौदापैकी पाच हसले, सहा रागावले आणि तिघे झोपलेले होते.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. त्यांच्या लिहिण्यात माणूस एकटा असतो. त्याला वाडी नसते, मंडळ नसते, कुणी उसने मागायला येत नाही. अण्णा भाऊ साठे यांच्याशी ताडून पाहा. अण्णा भाऊ वाटेगावहून बापाबरोबर चालत मुंबईला आले, गिरणीत राबले, लालबावटा कलापथकात डफ वाजवला, आणि १९६१ साली रशियाला गेले. 'माझा रशियाचा प्रवास' तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचले आहे. अण्णा भाऊ परक्या देशात गेले तरी तिथे त्यांना आपली माणसे सापडतात. कामगार दिसला की ते खूष. सारंगांना बसऱ्यात तसे कुणी सापडत नाही. यावरून आमची आणि युनियनमधल्या एका जुन्या साथीची दोन रात्री हुज्जत झाली. तो म्हणायचा, हा माणूस मध्यमवर्गी, त्याला वर्गच दिसत नाही. आम्ही म्हणायचो, अण्णा भाऊ पाहुणे म्हणून गेले होते, हार घालून नेले होते. सारंग नोकरीला गेले होते. नोकरीला गेलेल्या माणसाला देश वेगळा दिसतो. दादांना विचारा.

फिरतीवर लिहिणाऱ्यांचे हाल आपल्याला तसे नवीन नाहीत. बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परत आले तेव्हा त्यांचे सामान आणि पुस्तके वेगळ्या बोटीने पाठवली होती, आणि ती बोट महायुद्धात पाणतीराने बुडवली गेली. न्यूयॉर्कमध्ये उपाशी राहून जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. १८९९ ला घर सोडले ते नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश, पुढे अमेरिकेत हार्वर्ड, रशियात लेनिनग्राड. या विहाराच्या कपाटात त्यांचे 'भगवान बुद्ध' आहे. ते शोधत गेले धम्म, तो त्यांना भारतात मिळेना म्हणून परदेशी जावे लागले, आणि तिकडे मिळाला तो त्यांनी मराठीत आणला. सारंग काय शोधत होते हे आम्हाला बराच काळ समजले नाही. पोटाची नोकरी, एवढेच वाटायचे.

मग २००८ मध्ये त्यांचे 'मॅनहोलमधला माणूस' निघाले. नाव वाचूनच आम्ही दचकलो, कारण आमच्या नात्यातली दोन माणसे महापालिकेत सफाईला होती आणि त्यातला एक मॅनहोलमध्येच गेला. हे पुस्तक कादंबरी नाही. मराठी वाङ्मय, समाज आणि जातिवास्तव यांवरचे आहे. सगळे आम्हाला समजले असे म्हणणार नाही, इंग्रजी-फ्रेंच लेखकांची नावे फार येतात. पण जगभर फिरून, काफ्का आणि बेकेट कोळून प्यालेला प्राध्यापक साठीनंतर बसून मराठी साहित्यातल्या जातीचा हिशेब मांडतो, ही गोष्ट लहान नाही. आपल्याकडचे पुष्कळ मोठे लेखक जन्मभर पुण्या-मुंबईत राहिले आणि त्यांना जात दिसली नाही. या माणसाला ती दिसली, आणि तिच्यावर त्यांनी अख्खे पुस्तक लिहिले. लांबून पाहिल्यामुळे दिसली असेल का? आमच्या युनियनवाल्या साथीला आम्ही ते पुस्तक दिले. त्याने परत केले नाही, यावरून काय ते समजावे.

२०११ मध्ये त्यांनी इंग्रजीत एक कादंबरी प्रसिद्ध केली, 'द धम्म मॅन'. तथागतांच्या जीवनावर. आम्हाला इंग्रजी बेताचेच. आमच्या भाच्याने दोन रविवार बसून मराठीत सांगत सांगत वाचून दाखवली. या विहारात आपण वंदनेत ज्यांचे नाव घेतो ते बुद्ध आणि कादंबरीकाराचे बुद्ध एकच नसतात. काही जागी आम्हाला अवघड वाटले, भाच्याला तर राग आला. पण नावात 'मॅन' आहे, माणूस आहे, हे आम्ही त्याला दाखवले. बाबासाहेबांनीसुद्धा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना जुनी कथा जशीच्या तशी घेतली नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, हे त्यांना पटले नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे कसे शक्य आहे? त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. शाक्य आणि कोलिय यांच्यात पाण्यावरून वाद, संघाने युद्ध ठरवले, सिद्धार्थाने विरोध केला, आणि आपल्या माणसांवर आपत्ती येऊ नये म्हणून देश सोडणे पत्करले.

इथे आम्हाला बसरा आठवले. बसरा ज्या नदीवर आहे ती शत्-अल-अरब, तैग्रिस आणि युफ्रेटिस मिळून होते ती. एका काठाला इराक, पुढे समुद्राकडे दुसऱ्या काठाला इराण. नदीतली सरहद्द कुठून जावी यावर दोघांचे जुने भांडण. १९७५ मध्ये अल्जिअर्सला करार झाला. सप्टेंबर १९८० मध्ये सद्दामने तो करार झुगारला आणि युद्ध सुरू झाले ते १९८८ पर्यंत चालले. लाखो तरणी पोरे मेली. बसऱ्यावर तोफगोळे पडत होते. सारंगांनी शिकवलेली पोरे त्यात किती गेली असतील? पाण्यावरून. अडीच हजार वर्षांपूर्वी रोहिणीवर जे टळावे म्हणून एक माणूस घर सोडून गेला, ते शत्-अल-अरबवर टळले नाही. सारंगांनी म्हातारपणी बुद्धावर का लिहिले याचे उत्तर ते कुठे देतात की नाही, तो शोध अभ्यासकांनी घ्यावा. आम्ही गिरणीतला माणूस, आम्ही दोन काठ पाहिले आणि जोडले. चुकले असेल तर भंतेजींनी दुरुस्त करावे.

तथागत पंचेचाळीस वर्षे फिरतच होते. फक्त पावसाचे तीन महिने एका जागी. सारंगांचेही आम्हाला तसेच वाटते. फिरताना जे पाहिले ते थांबल्यावर लिहिले. 'एन्कीच्या राज्यात' निघाली तेव्हा बसरा सुटून काही वर्षे झाली होती. आमच्या दादांना थांबायलाच चौदा वर्षे लागली.

सारंग १४ एप्रिल २०१५ ला मुंबईत वारले. तारीख बघा. त्या रात्री आम्ही लालबागहून चैत्यभूमीवर गेलो होतो, तुमच्यातले कितीतरी होते. ढोल, निळे झेंडे, सरबताच्या गाड्या. त्याच दिवशी या शहरात हा माणूस गेला, आणि आम्हाला ते पुढे दोन दिवसांनी पेपरच्या आतल्या पानावर कळले. खोलीत कुणाला सांगावे? सगळे झोपलेले. आम्ही पाच रुपयांचे ते पुस्तक ट्रंकेतून काढले आणि उशाशी ठेवले, बाकी काय करणार.

मार्च २०२० ला लॉकडाऊनमध्ये गिरणी बंद झाली ती पुन्हा लागली नाही. खोली सोडली, ट्रंक घेऊन गावी आलो. आता बारमाही इथेच. गावकीत आता कुणी आम्हाला चार दिवसांचे म्हणत नाही, पण आता आम्हालाच मुंबईची आठवण येते.

सेक्रेटरींचा प्रश्न राहिला, आपले आहेत का. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की पुस्तक घरी न्या, वाचा आणि तुम्हीच ठरवा. 'एन्कीच्या राज्यात'ची आमची प्रत आणि 'मॅनहोलमधला माणूस'ची नवी विकत आणलेली प्रत आजपासून विहाराच्या कपाटात ठेवत आहोत. पहिल्या पुस्तकाची सव्वीस ते एकोणतीस ही पाने सुटी आहेत, जपून उलटावीत. किल्ली महिला मंडळाकडे आहे. वहीत नाव आणि तारीख लिहून न्यावे.

आणखी एक. वाडीतली चार पोरे सध्या आखातात आहेत, दोन दुबईला, एक मस्कतला, एक दोहाला. आता पत्र नाही, मोबाईल आहे, रोज तोंड दिसते. तरीसुद्धा त्यांच्या आयांना आम्ही विचारून पाहिले, पोरगा काय सांगतो? तर म्हणाल्या, "बरं हाय म्हनतो." दादा म्हणाले आहेत की पोरे सुट्टीला आली की त्यांना आमच्या पडवीत पाठवा, दुपारी जेवण झाल्यावर. वाचायला आम्ही आहोत.

चहा तयार झालेला दिसतो. जयभीम. नमो बुद्धाय.